कामगारांचे कैवारी बाबासाहेब आणि बेकार माणसाचा हक्क



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांवर एक तरी लेख असतोच. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, दीक्षाभूमी हा इतिहास आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण ज्याची नोकरी गेली त्या माणसाचा बाबासाहेबांच्या चरित्राशी काय संबंध आहे, हे आपण फारसे सांगत नाही. ते सांगावे असे आम्हाला वाटले, कारण आपल्याच वस्तीत अशी घरे आहेत. कारखाना बंद पडतो, कंत्राट संपते, आणि कर्ता माणूस शेजारपाजारी कळू नये म्हणून नेहमीच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडतो. मदतीचा अर्ज भरायचीसुद्धा त्याला लाज वाटते. खरे तर बाबासाहेबसुद्धा या दिवसांतून गेले होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि माता भीमाबाई यांच्या पोटी बाबासाहेबांचा जन्म झाला. शिकत शिकत ते १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते मुंबईला परतले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती समुद्रात बुडवली गेली. त्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्यातले काही रमाईच्या हाती देऊन उरलेल्या पैशावर ते बडोद्याला गेले. एवढा शिकलेला माणूस नोकरीवर रुजू व्हायला निघाला तो भरपाईच्या पैशावर, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बडोद्यात पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. राहायला जागा कोणी देईना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. कचेरीत शिपाई लांबूनच कागद टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगून गेले. दोन मित्रांना विचारून पाहिले, दोघांनीही काहीतरी कारण सांगून टाळले. शेवटी कामाठी बागेत झाडाखाली कितीतरी तास बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

आता विचार करा. कागदोपत्री बघायला गेले तर बाबासाहेबांना कोणी कामावरून काढले नव्हते. ते आपणहून निघून गेले, अशीच नोंद झाली असती. पण राहायला छप्पर नाही, कचेरीत माणुसकी नाही, अशा ठिकाणी नोकरी सोडली म्हणायचे की सोडायला लावली म्हणायचे? हा प्रश्न आपण पुढे परत घेणार आहोत.

मुंबईत आल्यावर उत्पन्न काहीच नव्हते. परळच्या चाळीतला संसार, आणि हातात परदेशी पदव्या. त्यांनी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना शेअरबाजाराचा सल्ला देण्याचे काम काढले, पण सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची नोकरी मिळाली तेव्हा कुठे घराला आधार आला. ती नोकरी १९२० साली त्यांनी स्वतःच सोडली. पण ते सोडणे वेगळे होते. पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या मित्राने ५,००० रुपये उसने दिले होते आणि पुढे लंडनचा अभ्यास होता. स्वतः विचार करून दिलेला राजीनामा आणि कोंडी करून घेतलेला राजीनामा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ते लंडनला पोचले त्याच वर्षी, म्हणजे १९२० साली, इंग्लंडमध्ये बेकारीच्या विम्याचा मोठा कायदा झाला. कामावर असताना कामगाराने, मालकाने आणि सरकारने मिळून थोडे थोडे पैसे भरायचे आणि काम गेले की त्या निधीतून काही आठवडे कामगाराला पैसे द्यायचे, अशी ती पद्धत. सुरुवात १९११ सालीच थोड्या धंद्यांपुरती झाली होती, ती आता बहुतेक कामगारांपर्यंत गेली. आपल्याकडे तेव्हा असले काहीच नव्हते. उलट आपल्या माणसाला काम मिळण्याचीच पंचाईत. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगार विणकाम खात्यात होता, पण तिथे आपल्या लोकांना घेत नसत. कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितले की कामगाराला दोन शत्रूंशी लढायचे आहे, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. त्याच वर्षी संपावर बंधने घालणारे बिल मुंबई सरकारने आणले, तेव्हा ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा मोठा संप झाला आणि बाबासाहेब त्यात पुढे होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९१७ साली बागेत झाडाखाली बसलेला माणूस २५ वर्षांनी साऱ्या देशाच्या कामगारांच्या खात्यावर बसला. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या परिषदा त्यांच्या काळात भरल्या. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा विचार करायला १९४३ साली प्रा. अडारकर यांना नेमले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ साली ई. एस. आय. चा कायदा झाला. युद्ध संपत आले तसे लाखो सैनिक आणि युद्धाच्या कारखान्यांतले कामगार बेकार होणार हे दिसत होते. त्यांना काम शोधून देण्यासाठी १९४५ साली मजूर खात्यातच वेगळी यंत्रणा उभी राहिली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून आपल्या पोरांनी ज्या कचेरीत नावे नोंदवली, तिचे मूळ इथे आहे. १९४६ साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, ते बिलही बाबासाहेबांनीच मांडले होते.

मग आली घटना. तिचे कलम ४१ प्रत्येक घरात माहीत असायला हवे. सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे लोकांना कामाचा आणि शिक्षणाचा हक्क मिळवून द्यावा, आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व अशा वेळी त्यांना सरकारी मदत मिळावी, असे ते कलम सांगते. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. त्यावर घटना समितीत टीकाही झाली. तेव्हा बाबासाहेबांनी समजावले की सरकारला याचे उत्तर कोर्टात द्यावे लागले नाही तरी निवडणुकीत मतदारांसमोर द्यावे लागेल. याच्याही आधी, १९४७ साली लिहिलेल्या आपल्या योजनेत त्यांनी म्हटले होते की उपाशी बेकार माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कसुद्धा सोडायला तयार होतो. पोट भरलेले नसेल तर कागदावरचे स्वातंत्र्य टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ही गोष्ट आपल्या धम्मालाही नवी नाही. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात भगवंतांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राज्यात चोऱ्या-लुटालूट वाढली तेव्हा त्याचा पुरोहित म्हणतो की मारून, कोंडून हे थांबायचे नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पगार द्या. लोक आपापल्या कामाला लागले आणि राज्य शांत झाले.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागून आलेले कायदे त्यांच्या नावावर घालण्याचे कारण नाही, पण वाट तीच आहे. १९५३ साली कामगार कपातीच्या वेळी नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचे ठरले. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि काम देता आले नाही तर भत्ता द्यायची तरतूद त्यात घातली. ई. एस. आय. मध्ये विमा असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर रोख भत्ता देण्याची योजना २००५ साली आली आणि दुसरी २०१८ साली. या दुसऱ्या योजनेत आधी सरासरी मजुरीच्या २५ टक्के भत्ता होता, २०२० मध्ये तो ५० टक्के झाला, जास्तीत जास्त ९० दिवस आणि जन्मात एकदाच. ही रक्कम थोडी आहे, हे खरे आहे. जे ठेक्यावर, नाक्यावर, घरकामावर आहेत आणि ज्यांचा विमाच नाही, त्यांना तीही नाही, हे त्याहून खरे आहे. कलम ४१ चे काम अजून अर्धे बाकी आहे.

आता आपण मघाचा प्रश्न घेऊ. अशा योजनांत आपणहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही, आणि राजीनामा दिला की कपातीची भरपाईही हातची जाते. हे मालकाला ठाऊक असते, कामगाराला नसते. म्हणून हिशेब लवकर देतो असे सांगून कोऱ्या किंवा छापील राजीनाम्यावर सही घेतली जाते. आमचे सर्वांना कळकळीचे सांगणे आहे की वाचल्याशिवाय सही करू नका. काढत असतील तर काढल्याचे पत्र मागा. विमा कार्ड, पगाराच्या पावत्या, हजेरीचे कागद जपून ठेवा. ई. एस. आय. च्या कचेरीत जाऊन सध्या कोणती योजना चालू आहे, मुदत किती आहे ते विचारा. वस्तीत शिकलेली मुले आहेत, त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून अशांचे अर्ज भरून द्यावेत.

आणि लाज? तुमच्या पगारातून दरमहा कापलेल्या पैशातला तो भाग आहे. ती भीक नाही. बडोद्याहून परत आलेल्या बाबासाहेबांना असा एक पैसाही कुठून मिळण्याची सोय नव्हती. त्यांनी ती आपल्यासाठी घटनेत लिहून ठेवली. जे लिहून ठेवले ते मागायला शिकणे आणि जे अजून मिळाले नाही त्याचा जाब मतदानाच्या वेळी विचारणे, हेच त्यांना खरे अभिवादन होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!