दिवसा खराटा, रात्री कीर्तन : गावाला बोलतं करणारे गाडगेबाबा

अमरावती : संत गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला. त्या दिवशी जिल्ह्यात गावोगावी हाती झाडू घेतले जातात, फोटोही निघतात. पण बाबा खराटा घेऊन गावात शिरायचे ते फक्त कचऱ्यासाठी नाही. रात्रीच्या कीर्तनात काय बोलायचं, ते त्यांना दिवसा गल्लीबोळ झाडतानाच सापडायचं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा, आताचा अंजनगाव सुर्जी तालुका. घर परीट समाजाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला माहेरी आली. डेबूजी मामाची गुरं राखत, नांगर धरत मोठे झाले. शाळा नाहीच. मामाला वाचता येत नव्हतं, त्याचा फायदा सावकाराने घेतला आणि कागदावर अंगठा घेऊन जमीन गिळू पाहिली. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हे बाबांनी पुढे जन्मभर सांगितलं. त्याचं मूळ या वावरात आहे.

लेकीच्या बारशाला भावकी दारू-मटणाची वाट पाहत बसली होती. डेबूजींनी पानात गोडधोड वाढलं. लोक चिडले, पण पंगत उठली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. नव्या गावात कोणी ओळखत नसे. वेडा समजून पोरं मागे लागायची, कुठे भाकर मिळायची, कुठे हाकलून द्यायचे. बाबा झाडत राहायचे आणि बघत राहायचे : उंबऱ्यावर कोण आलं, कोणाला पाणी वरून ओतून दिलं, कोणाच्या घरी कर्ज काढून तेरवी झाली.

संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा. सकाळी हाकलणारे पुढच्या रांगेत!

गोपाळाच्या गजराने सुरुवात व्हायची. पोथी नाही, संस्कृत श्लोक नाही, सगळं आपल्या वऱ्हाडीत. बाबा गोष्ट सांगता सांगता थांबायचे आणि लोकांनाच विचारायचे. देवाला बकरं कापता, ते देवाचं लेकरू नाही का? नवसाने पोरं होतात तर लग्न कशाला? समोरून हो किंवा नाही आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. शेवटी उत्तर गावानेच दिलेलं असायचं, त्यामुळे बुवांवर रागावता येत नव्हतं. हसता हसता माणसं गप्प व्हायची. कीर्तन संपलं की पायावर डोकं ठेवायला झुंबड उडे. बाबा आधीच अंधारातून निघून गेलेले असत.

१९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगात असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग वैराग्याचा म्हणून नेहमी सांगितला जातो. पण तिकडे कुंताबाई होत्या, ज्यांनी ते पोर एकटीने वाढवलं होतं. गावोगावच्या परक्या माणसांकडे एवढं लक्ष देणाऱ्या या माणसाचं घर मात्र कुंताबाईंनी ओढलं. त्यांचा उल्लेख भाषणांतून फारसा येत नाही, तो यायला हवा.

कीर्तनातून आलेल्या पैशांतून पूर्णाकाठी ऋणमोचनचा घाट झाला, नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा झाल्या. पंढरीत दलित वारकऱ्यांना कोणी आसरा देत नसे, म्हणून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या संस्थांवर घरच्यांचा हक्क मात्र ठेवला नाही.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते शेवटचं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाव्या दिवशी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, गाडीतच बाबांनी प्राण सोडला.