निरोपांचा कवी

यंदा आमच्या वर्गाच्या निरोप समारंभात दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं, आणि काही केल्या विषय सुचेना. शेवटी ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली. वाचता वाचता वाटलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं अख्खं आयुष्य म्हणजे एकामागून एक निरोपच की!

आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, घर सुटलं. पुढे नाशिक, नागपूर, राजनांदगाव. एका जागी पाय ठरला म्हणून नाही. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि बायबल हाती आलं. घटकाभराची ओळख, पण तिनं आयुष्याची दिशा बदलली.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निरोप मात्र गोड नव्हता. लक्ष्मीबाईंना ती बातमी वज्राघातासारखी लागली. पदरी लहानगा दत्तू, भोवती सोवळंओवळं मानणारे नातेवाईक. नवरा-बायको जवळपास पाच वर्षं वेगळी राहिली. खरं सांगायचं तर ही पानं वाचताना मला टिळकांचा रागच आला. जाणारा आपल्या ओढीनं निघून जातो. मागे राहणाऱ्याचं काय? पण त्याच लक्ष्मीबाई पुढे नगरला त्यांच्याकडे आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. तुटलेलं नातं जुळलं, पण पूर्वीसारखं नाही, नव्यानं.

टिळकांनी धर्म बदलला, पण मराठीला निरोप दिला नाही. ओवी आणि अभंग ते सोबत घेऊन गेले. तुकोबांवरचं प्रेम कमी झालं नाही. उलट ते प्रेमच आपल्याला ख्रिस्तापर्यंत घेऊन आलं, असं ते मानत. 'अभंगांजली'तली त्यांची भक्तिगीतं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. काय सोडायचं आणि काय जपायचं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

१९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला कोवळा त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे टिळकांच्या घरी लेकरासारखा राहिला. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. ज्याच्यापुढे सारं आयुष्य पडलं होतं, तोच आधी गेला.

त्याआधीच, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला होता. पंचावन्न उलटल्यावर माणसं स्थिरस्थावर होतात. हे 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. हाती वेळ मात्र थोडाच होता. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांनी देह ठेवला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम दहा-साडेदहा अध्यायांवर थांबलं.

पुढचे ६४ अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना कधी शाळा मिळाली नव्हती, ज्यांना टिळकांनीच वाचायला शिकवलं, त्यांनी!

इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. तीन वर्षांत कितीतरी गोष्टी करायच्या राहिल्या म्हणून मी हळहळत होते. भिंतीवरच्या अंकाची अर्धवट मालिका, न बसवलेली एकांकिका, एका मैत्रिणीशी न मिटवलेलं भांडण. आता पहिल्या दोन गोष्टींची वही मी मंडळाच्या ज्युनिअर मुलींकडे सोपवणार आहे. त्या पुऱ्या करतील, कदाचित माझ्यापेक्षा सरस. भांडण मात्र मलाच मिटवायचं आहे, आणि तेही समारंभाच्या आधी. मागे राहणाऱ्याला काय वाटतं, ते लक्ष्मीबाईंनी सांगून ठेवलंय.

सगळं कायम टिकणार असतं, तर एवढी घाई कशाला केली असती? हे दिवस संपणार आहेत, म्हणूनच आज संध्याकाळी मी तिच्या खोलीवर जाणार आहे.