पांढऱ्या उंदराचं गणित मांडणारा हॉल्डेन

झूलॉजीच्या लॅबमधला पांढरा उंदीर तुम्ही पाहिलाच असेल. कापसासारखं अंग, लालसर डोळे. तो असा का, हे कधी विचारलंत?

अन्नातल्या प्रथिनांतून टायरोसिन हे अमिनो आम्ल मिळतं. त्यापासून रंगद्रव्य बनवायची सुरुवात टायरोसिनेज हे एन्झाइम करतं. या उंदराला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन मिळालेला असतो. मग एन्झाइम चालत नाही आणि रंग तयारच होत नाही.

याच उंदरांच्या नादी लागला जे. बी. एस. हॉल्डेन. जन्म १८९२, ऑक्सफर्ड. बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासोबत त्याने उंदीर पाळले, पिल्लांचे रंग मोजले. पांढरेपणाचा आणि गुलाबी डोळ्यांचा जीन बहुतेक वेळा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, हे त्यांनी दाखवलं. सस्तन प्राण्यांमधला असा हा पहिला पुरावा. पण मध्येच महायुद्ध पेटलं, स्प्रंट मारला गेला. स्वतः आघाडीवर असलेल्या हॉल्डेनने १९१५ मध्ये शोधनिबंध छापला, तो मित्राचं नाव कायम ठेवूनच.

बायोकेमिस्ट्रीवाल्यांनो, एन्झाइमच्या वेगाचं जे समीकरण तुम्ही घोकता, त्यातही १९२५ पासून ब्रिग्ज आणि हॉल्डेन आहेतच!

१९५७ मध्ये हा माणूस कोलकात्याला आला, भारताचा नागरिक झाला, धोतर-कुर्त्यात वावरला. त्याच्या विद्यार्थ्यांनी आंध्रात नात्यातल्या लग्नांचा अभ्यास केला. आता आपल्याकडे बघा. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागतं का? पण एकाच घराण्यातला लपलेला बिघडलेला जीन नवरा-बायको दोघांकडेही असण्याची शक्यता अशा लग्नात वाढते.

तुमच्या गावात जन्मतः पांढऱ्या केसांचं, उन्हात डोळे मिटणारं पोर असेल, तर ते कुणाचं पाप नाही आणि ग्रहणाचा दोषही नाही. त्या उंदरासारखंच त्याच्या रंगाचं काम अडलंय, एवढंच. बीडचं ऊन त्याला सोसत नाही, फळ्यावरचं नीट दिसत नाही. त्याला टोपी द्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या, पहिला बाक द्या.

१ डिसेंबर १९६४ ला हॉल्डेन भुवनेश्वरला कॅन्सरने गेला. देह त्याने आधीच देऊन टाकला होता, काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजातल्या तुमच्यासारख्याच पोरांना शिकण्यासाठी.