गणेश वासुदेव मावळणकर

गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर (२७ नोव्हेंबर, १८८८ : बडोदा – २७ फेब्रुवारी, १९५६ : अहमदाबाद) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, वकील, लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष होते.

== जीवन ==

मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे या गावचे. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण राजापूर व अन्य ठिकाणी झाले. १९०२ साली ते अहमदाबादेस गेले. तेथील गुजरात महाविद्यालयातून त्यांनी विज्ञान शाखेची पदवी मिळविली (१९०८) आणि १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन पुढील वर्षी वकिली सुरू केली. वल्लभभाई पटेल व महात्मा गांधी यांच्या सहवासात ते सार्वजनिक कार्यात आले. १९२१ मध्ये ते असहकार चळवळीत सामील झाले. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

== संसदीय कार्य ==

१९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी त्यांची थोड्या मताधिक्याने निवड झाली. १५ मे, १९५२ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली, तेव्हा सोलापूरचे खासदार शंकर शांताराम मोरे हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. मावळणकर मोठ्या बहुमताने विजयी झाले. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव सभागृहात मांडला गेला. तो फेटाळण्यात आला.

== रायफल संघटना ==

१८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याविना बंदूक वा काडतुसे बाळगणे भारतीयांना गुन्हा ठरत असे. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही १९३० साली सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याच्या मागणीचा समावेश केला होता. त्यामुळे गांधीमार्गी मावळणकरांनी रायफल संघटना स्थापावी, यात वरकरणी दिसतो तेवढा विरोध नाही.

१७ एप्रिल, १९५१ रोजी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. संस्थाने व लष्कर यांच्या परिघात वावरणारी, शिकारीशी जोडली गेलेली नेमबाजी सर्वसामान्य नागरिकांना शिस्तबद्ध क्रीडाप्रकार म्हणून खुली होण्यास या संघटनेमुळे आधार मिळाला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी व सौरेन चौधरी हे भारतीय नेमबाज उतरले. मावळणकर अखेरपर्यंत संघटनेचे अध्यक्ष राहिले.

== मृत्यू व स्मृती ==

अध्यक्षपदावर असतानाच २७ फेब्रुवारी, १९५६ रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. रिक्त जागेवर त्यांच्या पत्नी सुशीला मावळणकर लोकसभेवर निवडून गेल्या; पुढे पुत्र पुरुषोत्तम मावळणकर हेही खासदार झाले. लोकसभेचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेच्या पात्रतेसाठी भरणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत (विश्वविजेतेपद, २०१०) आणि स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, २०२४) यांच्या यशाने महाराष्ट्रात रायफल नेमबाजी घराघरांत पोहोचली. त्या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचा पाया मात्र एका मराठी वकिलाने घातला होता.