पिवळा डबा आणि बिननावाची कबर

स्मरणिकेचे संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि मी दरवर्षी शॉपमधल्या कामाचं निमित्त सांगून सुटतो. या वर्षी मात्र आपण होऊन लिहायला बसलो आहे. मी पडलो डिप्लोमावाला, लेखक नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

नोकरी लागून खरगपूरला आलो तेव्हा रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक निवृत्त अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर राहत असत. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची. रविवारी सकाळी आमच्याकडे टेपवर नाट्यगीतं लागायची आणि त्यांच्याकडे ग्रामोफोनवर एका बाईचा भरदार, थोडा खरखरीत आवाज. एकदा न राहवून विचारलं. बेसी स्मिथ हे नाव सांगून अंकल पुढे म्हणाले की या बाईचा स्वतःचा रेल्वेचा डबा होता. झालं! गाण्यातलं मला फारसं कळत नाही, पण माझा सगळा जन्म डब्यांच्या दुरुस्तीत चाललेला. त्या दिवसापासून मिळेल तिथून या बाईविषयी वाचत गेलो.

बेसीचा जन्म १५ एप्रिल १८९४ चा, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावचा. हे गाव म्हणजे मोठं रेल्वे जंक्शन. घर काळ्या लोकांच्या वस्तीत, गरिबी पाचवीला पुजलेली. बाप ती तान्ही असतानाच गेला, नऊ वर्षांची व्हायच्या आत आईही गेली. थोरल्या बहिणीने भावंडांना वाढवलं. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा, बेसी रस्त्याच्या कडेला उभी राहून गायची आणि नाचायची. मिळतील ती नाणी घरी यायची.

१९१२ साली ती एका फिरत्या मंडळीत शिरली, तीही गायिका म्हणून नव्हे तर नर्तकी म्हणून. कारण त्या मंडळीत मा रेनी ही नावाजलेली ब्लूज गायिका आधीच होती. ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांच्या दुःखाचं आणि थट्टेचं गाणं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांशी त्याचं नातं जुळतं असं मला आपलं वाटतं. पुढे जॅझ वाढलं ते याच मातीत.

सुरुवातीला रेकॉर्ड कंपन्यांना तिचा आवाज फार गावरान वाटला. शेवटी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने तिला घेतलं. पहिलीच तबकडी 'डाउनहार्टेड ब्लूज' सहा महिन्यांत सुमारे ७ लाख ८० हजार खपली. मात्र करारात रॉयल्टी नव्हती. एका गाण्याचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं! पैसा मिळाला तो तंबूतल्या आणि थिएटरातल्या खेळांतून. आठवड्याला दोन हजार डॉलरपर्यंत मजल गेली. त्या काळातली सगळ्यांत जास्त कमाई असलेली काळी कलावंत ती हीच. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणू लागले. १९२५ साली लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेटवादक तिच्या साथीला बसला.

त्याच साली, १९२५ मध्ये, तो डबा आला. सत्तर फुटांहून लांब, म्हणजे आपल्या आयसीएफच्या डब्यापेक्षा थोडा मोठाच. रंग पिवळाधमक, त्यावर हिरवी अक्षरं. आत झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, गरम-थंड पाण्याचं न्हाणीघर आणि तंबूचं सामान ठेवायला जागा. नेहमीच्या गाडीला मागे जोडायचा, मुक्कामाच्या गावी सायडिंगला उभा करायचा. आपल्या जुन्या नाटक कंपन्या बिऱ्हाडासकट रेल्वेने फिरत, तसाच हा संसार.

मला आधी वाटलं, मोठ्या कलावंतिणीची हौस असेल. पण त्यामागचं कारण वाचलं आणि वाईट वाटलं. दक्षिणेत काळ्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसायला बंदी होती. होमर प्लेसी नावाचा गृहस्थ १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली, आणि १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. हॉटेलात खोली नाही, खाणावळीत जेवण नाही. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावांना, त्यांच्या भावाला आणि भाच्यांना जात कळल्यावर कोणी बैलगाडीत घेईना, हे आपण वाचलेलं आहे. बेसीने या अपमानावर आपल्यापुरता एक उपाय काढला. कोणाच्या डब्यात जागा मागायलाच नको!

बाई धाडसी. चरित्रात एक प्रसंग आहे. १९२७ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलिनात खेळ चालू असताना पांढरे बुरखे घातलेले क्लॅनचे लोक तंबूच्या मेखा उपटायला आले. बेसी एकटी बाहेर गेली आणि त्यांना शिव्या घालून तिने पळवून लावलं. दारूचं व्यसन मात्र होतं, रागही जबर. नवरा जॅक गी याच्याशी सतत खटके उडत आणि १९२९ मध्ये संसार मोडला. त्याच वर्षी तिचा एकमेव चित्रपट 'सेंट लुईस ब्लूज' निघाला आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. मंदीत तबकड्यांचा खप आटला. १९३१ मध्ये कोलंबियाने तिला सोडलं. तरी ती गात राहिली.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ हमरस्त्यावर तिची मोटार एका ट्रकवर आदळली. उजवा हात जवळजवळ तुटला. क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या इस्पितळात नेल्यावर काही तासांत ती गेली. वय ४३. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला परत पाठवलं अशी बातमी पसरली, त्यावर पुढे नाटकही आलं. वाटेत थांबून तिला मदत करणाऱ्या डॉक्टरने नंतर सांगितलं की तसं घडलंच नाही. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या इस्पितळात न्यायचा विचारही तिथे कोणी केला नसता. मला तर हे त्या अफवेपेक्षा भयंकर वाटतं. नकार द्यायचीसुद्धा कोणाला गरज पडली नाही.

फिलाडेल्फियात अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. पण कबरीवर दगड बसला नाही. दगडासाठी जमलेले पैसे नवऱ्याने खिशात घातले असं चरित्रकार लिहितो. एक नाही, दोन नाही, तेहतीस वर्षं ती जागा बिननावाची राहिली.

या काळात तिची आठवण ठेवली ती गाणाऱ्यांनी. अंकलकडे आणखी एक तबकडी होती. डायना वॉशिंग्टन या जॅझ गायिकेने १९५८ मध्ये फक्त बेसीची गाणी घेऊन ती केली होती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातही तिने बेसीचं गाणं गायलं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव उभा केला, तोच हा भाव. शेवटी ऑगस्ट १९७० मध्ये कबरीवर दगड बसला. खर्च दोघींनी वाटून घेतला. एक रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि दुसरी ह्वानिटा ग्रीन. ही लहानपणी दर शनिवारी बेसीच्या घरची फरशी पुसायची आणि मोठेपणी परिचारिका झाली. दगड बसल्यावर दोन महिन्यांच्या आत जॅनिस स्वतः वारली.

अंकल आता नाहीत. त्यांच्या तबकड्या कुठे गेल्या ते मी कधी चौकशी करून विचारलं नाही, आणि याची मला लाज वाटते. तशीच दुसरी लाजेची गोष्ट आपल्या मंडळाची. ज्या काकूंनी कितीतरी वर्षं पेटीवर बसून आपल्या मुलांना आरत्या, नाट्यगीतं आणि बंगाली मातीत राहून शुद्ध मराठी उच्चार शिकवले, त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली. आपल्या हॉलमध्ये देणगीदारांच्या नावाच्या पाट्या आहेत, काकूंचं नाव कुठेही नाही. मीही इतकी वर्षं कमिटीत आहे, म्हणजे दोष माझाही.

म्हणून कमिटीला नम्र विनंती. यंदा पाचव्या दिवशीचा ऑर्केस्ट्रा रद्द करावा आणि काकूंच्या शिष्यांनी, जसं येईल तसं, त्यांची शिकवलेली गाणी म्हणावीत. माझी मुलगी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, ती तयार आहे. पेटी दुरुस्त करायचं काम मी अंगावर घेतो.

गणपती बाप्पा मोरया!