आईने दिलेला ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन अद्‌भुत कादंबऱ्या वाचून झाल्या, ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. चित्रपट मुलांनी आधीच पाहिले होते, पुस्तकांचा हट्टही त्यांचाच. आमच्या मनात मात्र शंका होती. जादूगार, राक्षस आणि जादूची अंगठी असलेली पुस्तके ख्रिस्ती घरात कशाला? म्हणून मुलांच्या हातातली पुस्तके घेऊन आधी आम्हीच वाचायला बसलो आणि शेवटच्या पानापर्यंत खाली ठेवली नाहीत. मग लेखकाचे चरित्र शोधून वाचले. तेव्हा कळले की हा माणूस परका नव्हे, आपल्यासारखाच मिस्सेला जाणारा, पापनिवेदन करणारा कॅथलिक होता. त्यांची जीवनकहाणी आपल्या धर्मग्रामातील पालकांना सांगावीशी वाटली.

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर हे बँकेत व्यवस्थापक होते. रोनाल्ड तीन वर्षांचा असताना आई मेबल त्याला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला माहेरी आल्या. वडील मागून येणार होते, पण ते आलेच नाहीत. फेब्रुवारी १८९६मध्ये तापाने त्यांचे तिकडेच निधन झाले.

दोन लहान मुले आणि तुटपुंजे उत्पन्न. मेबल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात लहानसे घर घेतले. मुलांना लॅटिन, फ्रेंच, चित्रकला त्यांनी स्वतःच शिकवली. शेते, झाडे आणि पाण्यावर चालणारी जुनी गिरणी असलेले हे गाव रोनाल्डच्या मनात कायमचे वसले. पुढे कादंबरीत हॉबिट नावाच्या बुटक्या, साध्याभोळ्या माणसांचा जो हिरवागार मुलूख येतो, त्याचे मूळ इथे आहे.

१९०० साली मेबल यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. सासर आणि माहेर दोन्हीकडची माणसे प्रॉटेस्टंट होती. त्यांना हे मुळीच रुचले नाही. नातेवाइकांकडून मिळणारी पैशांची मदत थांबली. मेबल यांनी तक्रार न करता काटकसरीने संसार रेटला आणि मुलांना श्रद्धेचे शिक्षण दिले. १९०३च्या नाताळात रोनाल्डने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. पुढच्याच वर्षी मेबल यांना मधुमेहाने गाठले. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. नोव्हेंबर १९०४मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. रोनाल्ड तेव्हा बारा वर्षांचा होता. आपल्या आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, असे ते जन्मभर मानत आले.

मुलांना नातेवाईक या श्रद्धेपासून दूर नेतील, ही मेबल यांची भीती. म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी मुलांचे पालकत्व एका धर्मगुरूंकडे सोपवले. त्यांचे नाव फादर फ्रान्सिस मॉर्गन. कार्डिनल न्यूमन, ज्यांना २०१९ साली संतपद मिळाले, त्यांनी बर्मिंगहॅम येथे स्थापन केलेल्या ऑरेटरीत फादर राहत असत. आईने ठेवलेली पुंजी अपुरी पडे, तेव्हा फादर स्वतःच्या पैशांतून भर घालत. दोघे भाऊ सकाळी ऑरेटरीत येत, फादरांच्या मिस्सेला वेदीसेवक म्हणून उभे राहत आणि तिथेच न्याहारी करून शाळेला जात. रक्ताचे काहीही नाते नसलेला एक धर्मगुरू दोन अनाथांचा बाप झाला. दया आणि क्षमा आपण प्रथम फादरांकडूनच शिकलो, असे टॉल्किन यांनी उतारवयात आपल्या मुलाला कळवले आहे.

हे नाते नेहमीच गोड होते असे नाही. सोळाव्या वर्षी रोनाल्डची एडिथ ब्रॅट या अनाथ मुलीशी ओळख झाली आणि प्रेम जडले. ती तीन वर्षांनी मोठी आणि अँग्लिकन. अभ्यास मागे पडतो आहे हे पाहून फादरांनी एकविसावे वर्ष लागेपर्यंत तिला भेटण्यास व पत्र लिहिण्यास मनाई केली. रोनाल्डला फार दुःख झाले, पण तो जवळजवळ तीन वर्षे शब्दाला जागला. एकविसाव्या वाढदिवशी त्याने एडिथला पत्र लिहिले. तिचा दुसरीकडे साखरपुडा झालेला होता. तिने तो मोडला. पुढे ती कॅथलिक झाली, त्यापायी तिला राहते घर सोडावे लागले. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथील कॅथलिक चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला.

काही आठवड्यांतच टॉल्किन पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेले. सोमच्या त्या भीषण लढाईत त्यांनी चिखलाचे खंदक आणि माणसांचे ढीग पाहिले. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी मारले गेले. उवांमुळे होणाऱ्या खंदकज्वराने टॉल्किन स्वतः आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. सामान्य घरांतून आलेल्या शिपायांचा धीर त्यांनी तिथे जवळून पाहिला. कादंबरीतला सॅम हा माळी त्या शिपायांवरूनच घडला आहे.

पुढे ते ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक झाले. चार मुले झाली. उत्तरपत्रिका तपासताना एका कोऱ्या पानावर त्यांनी हॉबिटविषयी एक वाक्य सहज लिहिले आणि त्यातून ‘द हॉबिट’ जन्मले. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहायला मात्र बारा वर्षे लागली. त्याचे तीन खंड १९५४ व १९५५ साली निघाले. प्रसिद्ध लेखक सी. एस. लुईस हे त्यांचे मित्र. नास्तिक असलेले लुईस ख्रिस्ताकडे वळले, त्यात १९३१च्या एका रात्री टॉल्किन यांच्याशी झालेल्या लांबलचक संवादाचा मोठा वाटा होता.

आता आमच्या शंकेकडे येऊ. या कादंबरीत चर्च नाही, धर्मगुरू नाहीत. तरीही ही कलाकृती मुळातच कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी एका येशूसंघीय धर्मगुरू मित्राला कळवले होते. फ्रोडो हा दुबळा हॉबिट दुष्ट अंगठीचे ओझे अग्निपर्वतापर्यंत वाहून नेतो आणि अगदी शेवटच्या क्षणी हरतो. अंगठी टाकण्याऐवजी ती आपलीच म्हणतो. पण त्याने आणि त्याच्या आधी बिल्बोने ज्या नीच गॉलमला दया दाखवून जिवंत सोडलेले असते, त्याच्याच हातून अंगठीचा नाश होतो. जे शौर्याने साधले नाही, ते पूर्वी केलेल्या दयेमुळे साधते. टॉल्किन यांनी या घटनेला तारीख दिली आहे २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरियामातेला संदेश दिला त्या सणाची.

टॉल्किन संत नव्हते. संसार आणि नोकरीच्या धकाधकीत काही वर्षे आपण श्रद्धेचे आचरण जवळजवळ सोडले होते आणि मुलांशी त्याविषयी फार कमी बोललो, अशी खंत त्यांनी १९६३ साली मुलगा मायकल याला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. त्याच पत्रात श्रद्धा डळमळू लागली तर वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारावे, असा उपाय त्यांनी सांगितला. धर्मगुरू पुटपुटत मिस्सा करत असतील, पोरे गोंधळ घालत असतील, तरी त्यांच्यासोबतच जाऊन बसावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेही सुचवले. मिस्सा इंग्रजीत होऊ लागल्यावर हे आजोबा मोठ्याने लॅटिनमध्येच उत्तरे देत, अशी त्यांच्या नातवाची आठवण आहे. नवी पद्धत त्यांना आवडली नव्हती, पण त्यांनी मिस्सा सोडली नाही. १९६६च्या इंग्रजी जेरुसलेम बायबलच्या भाषांतरातही, योना संदेष्ट्याच्या पुस्तकासाठी, त्यांचा हात लागला.

एडिथ १९७१ साली गेल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन यांचेही निधन झाले. थोरला मुलगा जॉन धर्मगुरू झाला होता. या मुलाच्या नावात फ्रान्सिस हे नाव फादरांच्या आठवणीने घातलेले होते. वडिलांची अंत्यविधीची मिस्सा त्यानेच अर्पण केली.

मेबल यांनी मुलांना घर दिले नाही, पैसा दिला नाही. त्यांचा एक मुलगा जगप्रसिद्ध लेखक होईल आणि नातू वेदीपाशी उभा राहील, हे त्यांना दिसले नाही. त्यांनी फक्त मुलांना मिस्सेला नेले आणि एका भल्या धर्मगुरूच्या हाती सोपवले. मुले चर्चला यायला कुरकुरतात म्हणून आपणही कधी कधी हार मानतो. अशा वेळी ही चौतिशीतली आई आठवावी. आणि आपल्या धर्मग्रामात आईबापाविना वाढणारे एखादे लेकरू असेल, तर फादर फ्रान्सिसही आठवावेत.

पुस्तके आम्ही मुलांना परत दिली आहेत.