दर्यावर्दी कथाकार : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीमधील बेट रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी केवळ कल्पनेने रेखाटले होते. दक्षिण समुद्रातील खरीखुरी बेटे त्यांनी पाहिली ती पाच वर्षांनंतर, आणि तीही रोगाने देह खंगलेला असताना.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे. आजोबांनी भर समुद्रातील बेल रॉक नामक खडकावर दीपगृह उभारले होते. वडीलही त्याच व्यवसायात नावाजलेले. पुत्राने मात्र लेखणी पत्करली. बालपणापासून फुप्फुसांच्या विकाराने त्यांचा पिच्छा पुरवला होता. खोकल्यासरशी रक्त पडे आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणात जात. १८८७ मध्ये वडील निवर्तले. त्याच वर्षी स्टीव्हन्सन सहकुटुंब अमेरिकेस गेले. तेथे सारानाक सरोवराकाठी कडाक्याच्या थंडीत हिवाळा काढत असताना दक्षिण समुद्राच्या सफरीचा बेत ठरला.

तो बेत लहरीपणाचा नव्हता. खर्चासाठी पित्याकडून आलेला वारसा हाताशी होता. बेटांवरून लिहून पाठविण्याच्या लेखांबद्दल एका अमेरिकन प्रकाशकाने मोबदला देऊ केला होता. पत्नी फॅनी पुढे कॅलिफोर्नियात गेल्या आणि त्यांनी ‘कास्को’ नावाचे, दोन डोलकाठ्यांचे, सुमारे ९५ फूट लांबीचे शिडाचे जहाज शोधून काढले. जहाज आपल्या विश्वासातील कप्तान ओटिस यांच्याच हाती राहील, अशी मालकाची अट होती. ती मान्य झाली. साठीला टेकलेली आई, पत्नी, सावत्र पुत्र लॉइड आणि एक दासी यांसह २८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून शिडे उभारली गेली.

महिनाभर जमीन दिसली नाही. त्यानंतर मार्केसस द्वीपसमूहातील नुकुहिवा बेटाशी नांगर पडला. पुढे, पाण्याच्या पातळीशी लपलेल्या प्रवाळखडकांतून वाट काढीत जहाज फाकारावा या कंकणाकृती बेटावर आणि तेथून ताहितीला पोहोचले. ताहितीत स्टीव्हन्सन पुन्हा आजारी पडले. विश्रांतीसाठी मंडळी ताउतिरा गावी उतरली आणि तेथेच निघताना कोणाच्याही ध्यानी न आलेली एक गोष्ट उघडकीस आली : ‘कास्को’च्या डोलकाठ्या आतून कुजल्या होत्या. भर वादळात त्या मोडत्या, तर सर्वांनाच जलसमाधी मिळाली असती.

जहाज दुरुस्तीसाठी पापीतेला गेले. दिवसांमागून दिवस लोटले, जहाज परतेना. शिधा संपत आला. अशा वेळी गावचे प्रमुख ओरी यांनी या परक्या कुटुंबाला आपले घर आणि आपले अन्न देऊन आप्तांप्रमाणे सांभाळले. स्टीव्हन्सन व ओरी यांनी परस्परांची नावे धारण करून बंधुत्वाचे नाते जोडले. इतकेच नव्हे, तर अंथरुणास खिळलेला तो रुग्ण तेथे समुद्रात स्नान करू लागला. डिसेंबरअखेरीस निरोप घेऊन मंडळी निघाली आणि जानेवारी १८८९ मध्ये होनोलुलूस पोहोचली.

स्टीव्हन्सन मायदेशी परतलेच नाहीत. सामोआ बेटावर घर बांधून ते राहिले. तेथील लोक त्यांना ‘तुसिताला’, म्हणजे कथा लिहिणारा, म्हणत. ३ डिसेंबर १८९४ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा सामोअन लोकांनी रान तोडून वाएआ डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट केली आणि त्यांचे शव खांद्यांवरून वर नेले.

पैसा, जहाज, कप्तान, मार्ग यांची तजवीज माणसाने अवश्य करावी. स्टीव्हन्सन यांनी ती केली होती. परंतु डोलकाठी कुजलेली निघते तेव्हा तारून नेते ती माणुसकीच. तिचे ऋण ओळखून ज्याने त्या बेटांना आपले घर मानले, त्याला त्या बेटांनीही अखेरपर्यंत आपला मानले.